बाईकचे टॅपेट घरीच चेक करायचे असतील तर (आणि फिलर गेज घ्यायलाच का लागतो)

कोकणात कुठल्याही नाक्यावर गाडी लावा, मेकॅनिक दोनदा रेस देणार, मान तिरकी करून ऐकणार आणि सांगणार, "टॅपेट वाजतायत, टाइट करून टाकतो." टॅपेट म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह (हवा-पेट्रोल आत घेणारी नाहीतर धूर बाहेर सोडणारी झडप) दाबणारा स्क्रू, आणि तो खरंच टाइट करून टाकतो, गाडी एकदम गप्प, गिऱ्हाईक खुश. आता यात घोळ असा की जरासा टिकटिक वाजणारा टॅपेट लगेच कुणाचं वाटोळं करत नाही, वाटोळं करतो तो गप्प बसलेला, गरजेपेक्षा टाइट झालेला, आणि तो कानाला कळतच नाही. त्यामुळे कान कितीही तयार असला तरी त्या स्क्रूखालचा गॅप फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ धातूच्या पानांचा संच) मोजायलाच लागतो, आणि मोजणं काही रॉकेट सायन्स नाही, एक सकाळ आणि चार हत्यारं लागतात.

आधी गॅप कशासाठी ते थोडक्यात. इंजिन तापलं की व्हॉल्व्ह लांबीला वाढतो, म्हणून थंड असताना रॉकरच्या (कॅमने हलून व्हॉल्व्ह दाबणारा दांडा) स्क्रूचं टोक आणि व्हॉल्व्हचं डोकं यांच्यात बारीकशी फट ठेवलेली असते. ती फट गेली की तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. सायलेन्सरच्या बाजूचा व्हॉल्व्ह आपली उष्णता मुख्यतः सीटला (हेडमधली त्याची टेकायची कड) टेकल्यावरच सोडतो, टेकलाच नाही तर उष्णता जाणार कुठे, तो कडेने जळायला लागतो. लक्षणं पण फसवी असतात, सकाळी गाडी एका किकमध्ये चालू आणि बाजारात अर्धा तास थांबून परत निघालात की किक मारून मारून घाम, आयडलिंग वरखाली, आणि कुंभार्ली किंवा आंबोलीचा घाट डबलसीट चढताना दम नाही. लोक कार्बोरेटर साफ करतात, प्लग बदलतात, आणि मूळ दुखणं हेडमध्येच (इंजिनाचा वरचा भाग) राहतं. उलट गॅप जास्त झाला तर आवाज येतो, व्हॉल्व्ह कमी उघडतो, पिकअप थोडा पडतो आणि स्क्रूचं टोक, कॅम हे सगळं ठोके खाऊन झिजतं, म्हणजे तेही चांगलं नाही, पण निदान ते बोंबलून सांगतं तरी.

आता तुमच्या गाडीला हे जमणार का ते बघा. स्प्लेंडर, युनिकॉर्न, पल्सर १५० अशा गाड्यांना स्क्रू आणि चेकनट (स्क्रू जागेवर धरून ठेवणारा नट) असतो, त्यांचं काम घरी आरामात होतं. केटीएम ३९० सारख्या डबल कॅमवाल्या गाडीत शिम (ठरावीक जाडीच्या चकत्या) असतात, तिथे गॅप मोजायला हरकत नाही पण बदलायचा तर कॅम काढायला लागतो, ते पहिल्याच वेळी पडवीत बसून करू नका. २०२१ पर्यंतच्या यूसीई इंजिनवाल्या (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात) रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० ला हायड्रॉलिक टॅपेट, ते ऑइलच्या दाबाने फट आपोआप भरतात, म्हणजे सेट करायला काही नाहीच. त्याहून जुनी कास्ट आयर्न बुलेट असेल तर तिथे पुशरॉड (कॅमचा धक्का रॉकरपर्यंत नेणारी उभी सळई) थंड इंजिनावर बोटांनी गोल फिरला पाहिजे पण वरखाली हलता कामा नये, गेजबिज काही नाही. मला स्वतःला ती पद्धत जाम आवडते, पण ती फक्त त्या बुलेटलाच चालते, ती बघून कोणी स्प्लेंडरला वापरू नये.

हत्यारांत सगळ्यात महत्त्वाचा फिलर गेज आणि तिथेच लोक फसतात. दुकानात जो स्वस्त तेरा पानांचा सेट मिळतो त्यात सहसा ०.०५ मिलिमीटर आणि त्यानंतर थेट ०.१० असतं, आणि तुमच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं ०.०८, मग काय करणार? त्यामुळे घेताना पानांवरचे आकडे वाचून घ्या, ०.०३ पासून ०.१५ पर्यंत बारीक पायऱ्या असलेला सेट बघा. त्यात ०.०८ चं पान अगदीच नाही मिळालं तर ०.०३ आणि ०.०५ एकत्र करून ०.०८ होतं, फक्त दोन्ही पानं पुसून कोरडी करा, मधे ऑइल राहिलं की हिशोब चुकला. टोकाला वाकवलेली पानं मिळाली तर उत्तम कारण टॅपेटच्या झाकणाच्या भोकातून सरळ पान नीट आत जात नाही, तिरकं जातं आणि तिरकं पान गॅप कमी दाखवतं. ०.०५ म्हणजे बारीक केसाएवढी जाडी, त्यामुळे पान सुरकुतलं की ते पान बाद. आणि आपल्याकडे खाऱ्या हवेत हे पान महिन्याभरात गंजतं, गंज चढलेल्या पानावर जो आकडा कोरलाय त्यावर विश्वास ठेवू नका. काम झालं की इंजिन ऑइलचा हात फिरवून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा, उघडा डब्यात टाकलात तर पुढच्या वेळी नवा घ्यायला लागेल.

बाकी हत्यारं साधी. चेकनटसाठी रिंग पाना, बऱ्याच छोट्या होंडा-हिरो गाड्यांना ९ चा लागतो. स्क्रूचं डोकं चौकोनी असेल तर टॅपेट चावी म्हणून एक छोटंसं हत्यार मिळतं ते घ्याच, पक्कडीने चौकोन गोल करून बसलेल्या गाड्या हव्या तेवढ्या दिसतात. प्लग पाना, टॅपेटच्या झाकणांना बसेल तो पाना, मॅग्नेटच्या (इंजिनाच्या कडेला क्रँकबरोबर फिरणारं चाक, त्यावरच टायमिंगच्या खुणा असतात) बाजूची टायमिंगची झाकणं उघडायला जाड स्क्रू ड्रायव्हर (काहींना पाना लागतो), फडकं, जुना टूथब्रश, टॉर्च. झाकणांच्या ओरिंग (रबरी कड्या) नव्या आणून ठेवा, किरकोळ किमतीच्या असतात आणि जुन्या कडक झालेल्या परत बसवल्या की आठवड्यात हेडवर ऑइल दिसायला लागतं.

इंजिन थंड पाहिजे, आणि थंड म्हणजे हाताला गार लागतंय एवढं नाही, रात्रभर उभं राहिलेलं. गणपतीला नाहीतर शिमग्याला चाकरमानी मुंबईहून ६६ नंबर हायवेने गाडी हाणत येतात आणि संध्याकाळी चहा घेता घेता म्हणतात, भावा, जरा टॅपेट बघ ना. नाही बघायचे. सकाळी बघायचे. होंडाच्या मॅन्युअलमध्ये ३५ डिग्रीच्या खाली असं स्पष्ट असतं, मे महिन्यात दुपारी आपल्याकडे बाहेरच हवा तेवढी असते, त्यामुळे पहाटे उठून ऊन चढायच्या आत उरकलेलं बरं.

झाकणं उघडायच्या आधी हेड स्वच्छ करा, ही स्टेप कंटाळा करून सोडू नका. जांभ्याची लाल धूळ हेडच्या फिन्समध्ये, झाकणांच्या कडेला आणि प्लगच्या खड्ड्यात ऑइलमध्ये कालवून बसलेली असते, झाकण फिरवलं की ती थेट आत पडते, आणि आत कॅम आहे. टूथब्रशने घासा, रॉकेलच्या फडक्याने पुसा, प्लगच्या भोवती सायकलच्या पंपाने हवा मारा, मगच प्लग आणि झाकणं काढा.

आता पिस्टन टॉपला आणायचा, म्हणजे सगळ्यात वर, आणि नुसता टॉपला नाही, कॉम्प्रेशनच्या टॉपला, जिथे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. गाडी मधल्या स्टँडवर, प्लग काढलेला, टॉप गिअर टाका आणि मागचं चाक हाताने पुढच्या दिशेने फिरवा, इंजिन आपोआप बरोबर दिशेने फिरतं. किंवा मॅग्नेटचा नट बॉक्स पान्याने फिरवा, तेव्हा गिअर न्यूट्रल. डोळा ठेवायचा कार्बोरेटरच्या बाजूच्या, म्हणजे इनलेटच्या रॉकरवर, तो खाली जाईल, परत वर येईल, आणि त्याच्यानंतर टायमिंगच्या भोकात जी पहिली टी ची खूण येईल ती खाचेसमोर आणून थांबा. एफ ची खूण आधी येते, ती स्पार्कची, तिच्यावर थांबू नका. आता दोन्ही रॉकर बोटाने हलवले तर किंचित खुळखुळले पाहिजेत. एखादा घट्ट लागला तर बहुधा तुम्ही चुकीच्या टॉपवर आहात, इंजिनाचा अजून एक पूर्ण फेरा मारा (चाकाचा नाही) आणि परत बघा. दोन्ही वेळा घट्टच असेल तर गॅप खरोखर गेलेला आहे. खूण पुढे निघून गेली तर चाक उलटं फिरवून मागे आणू नका, काही इंजिनांत एक्झॉस्टच्या (सायलेन्सरच्या) बाजूला डीकॉम्प्रेशनची, म्हणजे चालू करताना दाब कमी करणारी यंत्रणा असते, उलटं फिरवल्याने ती व्हॉल्व्ह जरासा दाबून धरते आणि गॅप खोटा येतो, इंजिनाचे दोन पूर्ण फेरे मारून परत खुणेवर या. आणि हो, पिस्टन कुठे आहे बघायला प्लगच्या भोकात माडाच्या झाडूची हीर घालायची सवय असते बऱ्याच जणांना, नका घालू, तुटून आत राहिली की हेड उतरवायची पाळी.

मोजताना आधी मॅन्युअलमधला आकडा बघा, शेजाऱ्याच्या गाडीचा नाही. आपल्याकडच्या छोट्या एअरकूल्ड गाड्यांत तो साधारण ०.०५ ते ०.१५ च्या आसपास असतो, बऱ्याच गाड्यांत एक्झॉस्टचा इनलेटपेक्षा जास्त, कारण तो व्हॉल्व्ह जास्त तापतो. समजा लिहिलंय ०.०८, अधिक-उणे ०.०२. मग ०.०६ चं पान सहज जायला हवं आणि ०.१० च्या वरचं पान जाता कामा नये, बस. "किंचित ओढ लागली पाहिजे" असं सगळे सांगतात, पण ती ओढ प्रत्येकाच्या हाताला वेगळी लागते, त्यामुळे जाणारं पान आणि न जाणारं पान अशी जोडी लावून बघितलेलं जास्त भरवशाचं. पान रॉकरच्या स्क्रूखाली सपाट सरकवा, जोर लावून घुसवलं तर ते स्प्रिंग दाबून पण जाईल आणि तुम्हाला वाटेल गॅप आहे. मिळालेला आकडा कागदावर लिहा, तारीख आणि किलोमीटरसकट, बदल करायच्या आधीचा आकडा जास्त कामाचा असतो.

गॅप बरोबर असेल तर हात लावू नका, झाकणं लावा आणि चहा प्या. नसेल तर चेकनट अर्धा फेरा सैल करा, पान गॅपमध्ये ठेवून चावीने स्क्रू हळूहळू फिरवा, पान थोडं अडखळत सरकायला लागलं की चावी तशीच धरून ठेवा आणि दुसऱ्या हाताने नट आवळा. नट आवळताना स्क्रू आट्यांमधला ढिलेपणा खाऊन जरा वर ओढला जातो आणि गॅप वाढतो, म्हणून आवळल्यावर परत मोजायचंच, पहिल्यांदा करताना दोन-तीनदा मागेपुढे होणारच. नट मनगटाच्या जोराने, खांद्याच्या नाही, बारीक आट्या असतात त्या. दोन्ही झाले की इंजिन दोन पूर्ण फेरे फिरवून परत कॉम्प्रेशनच्या टॉपला आणा आणि दोन्ही गॅप पुन्हा बघा. जुळले तरच ओरिंगला ऑइल लावून झाकणं बंद, प्लग आधी हाताने आटीत बसवून मग पाना.

चालू केल्यावर पूर्वीपेक्षा किंचित जास्त टिकटिक ऐकू आली तर दचकू नका, विशेषतः आधी कोणीतरी कानाने टाइट केलेले असतील तर येणारच. दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा आणि झाकणांच्या कडेला ऑइल पाझरतंय का बघा. पुढच्या वेळी कधी ते मॅन्युअलच्या सर्व्हिस टेबलात असतं, पण मी म्हणेन पाऊस लागायच्या आधी मे मध्ये एकदा बघून ठेवा, जूनपासून पडवीतल्या दमट हवेत हेड उघडून बसण्यात मजा नाही. आणि कागदावरच्या आकड्यांत एक्झॉस्टचा गॅप दर वेळी कमीच होत चाललेला दिसला, सेट केला की परत कमी, तर स्क्रू फिरवत बसू नका, व्हॉल्व्ह सीटमध्ये खाली बसत चाललाय, कॉम्प्रेशन चेक करून घ्या आणि हेडचं काम करणाऱ्या चांगल्या माणसाकडे तो कागद घेऊनच जा.