घरच्या टेपने शरीरातील चरबीचा अंदाज

शिंप्याची कापडी टेप वापराने ताणते, म्हणून ती आधी पोलादी पट्टीशी पडताळून घ्यावी. मापे सकाळी, पेज पिण्यापूर्वी आणि अंग कोरडे करून घ्यावीत, कारण कोकणातील दमट हवेत घामट अंगावर टेप नीट सरकत नाही.

पुरुषांनी मान कंठमण्याच्या लगेच खाली आणि पोट बेंबीच्या पातळीवर मोजावे. स्त्रियांनी मान, कंबरेचा सर्वांत अरुंद व नितंबांचा सर्वांत रुंद भाग मोजावा. पोट आत ओढण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण सर्वाधिक चूक तिथेच होते. सहज श्वास सोडून, टेप जमिनीला समांतर ठेवून, तीन मापांची सरासरी घ्यावी.

अमेरिकी नौदलाच्या पद्धतीत पुरुषांच्या शरीरातील चरबीची टक्केवारी सेंटिमीटरमधील मापांवरून अशी निघते: ४९५ ÷ [१.०३२४ − ०.१९०७७ × लॉग(पोट − मान) + ०.१५४५६ × लॉग(उंची)] − ४५०, लॉगचा पाया १० धरावा. उंची १७०, पोट ९० आणि मान ३८ असल्यास उत्तर सुमारे २१.५ टक्के येते. स्त्रियांचे सूत्र वेगळे असून त्यात नितंबांचे मापही येते. गरोदरपणात ही पद्धत वापरू नये.

उत्तरात काही टक्क्यांची चूक संभवते, त्यामुळे एका आकड्यापेक्षा दरमहा त्याच पद्धतीने घेतलेल्या नोंदी मला अधिक विश्वासार्ह वाटतात.