जॉब अ‍ॅनालिसिसला निघताय? ताणकाटा घेतलात का?

जॉब अ‍ॅनालिसिस म्हणजे कामाच्या जागी जाऊन ते काम शरीराकडून काय मागतं ते बघणं, मोजणं. ताणकाटा, म्हणजे ढकलण्या-ओढण्याचा जोर मोजणारा काटा, आदल्या रात्रीच पिशवीत टाका. सकाळी नको, रात्रीच. का ते खाली येतंच आहे.

त्याआधी फोन. एचआरला नाही, पाळी सांभाळणाऱ्या सुपरवायझरला. आपल्याला बघायचंय ते काम नेमकं किती वाजता चालतं, एवढं विचारा; नाहीतर आपण अकराला पोचतो, माल सातलाच उतरवून झालेला असतो आणि रिकाम्या रॅक मोजून परत यावं लागतं. व्हिडिओची परवानगी लेखी हवी, मालकाची वेगळी आणि कामगाराची वेगळी. सेफ्टी शूज तिथे मिळतात का तेही विचारून घ्या. जॉब डिस्क्रिप्शन मागवा, वाचा, पण त्यावर विसंबू नका. ‘किरकोळ उचल-ठेव’ या दोन शब्दांत काय काय दडलेलं असतं ते तिथे गेल्यावरच कळतं.

टेप, गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचा), स्टॉपवॉच हे सांगायला नको. वजनकाटा न्या, कारण खोक्यावर बहुतेक वेळा नुसत्या मालाचं वजन छापलेलं असतं, खोक्याचं नाही. रंगीत चिकटपट्टीही न्या. नायॉश या अमेरिकी कामगार-सुरक्षा संस्थेच्या, किती वजन उचलावं ते सांगणाऱ्या सूत्रातला 23 किलोचा आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण तो सगळं आदर्श असतानाचा, म्हणजे हात घोट्यांच्या मध्यापासून आडवे 25 सेंटिमीटरवर असतानाचा. तेच अंतर 50 झालं की बाकी काही न बदलता मर्यादा 11.5 किलोवर येते. म्हणून कामगार उभा राहतो तिथे पट्टीने खूण करा आणि घोट्यांपासून मोजा. पोटापासून मोजणारे मी पाहिलेत.

आणि हे सूत्र उचलण्याचं आहे. ट्रॉली ढकलण्याला ते लागू नाही. तिथे ताणकाटाच लागतो.

एकदा माझा ताणकाटा क्लिनिकच्या टेबलावर चार्जिंगला राहिला होता. खांद्याची शस्त्रक्रिया झालेला कामगार गोदामात परत रुजू होणार होता. मी ट्रॉली स्वतः ढकलून पाहिली, सरकली, आणि रिपोर्टात ‘मध्यम जोर’ असं ठोकून दिलं. मध्यम कुणाच्या हिशेबाने? मी ढकलली ती अर्धी रिकामी, गुळगुळीत फरशीवर, चाकं आधीच सरळ असलेली. त्याच्या वाट्याची गच्च भरलेली, आणि दाराशी फरशीचा सांधा. दोन आठवड्यांत तो खांदा धरून समोर. म्हणाला, “मॅडम, चालती असली की काही नाही हो. थांबली की परत हलवताना जीव जातो.”

तर ताणकाटा. सुरुवातीचा जोर वेगळा मोजा, चालू ठेवायचा वेगळा. ट्रॉली पूर्ण भरलेली हवी, चाकं आडवी फिरवलेली, काटा हँडलच्या उंचीला आणि ओढीच्या रेषेत. तीन-तीन वेळा मोजा, झटका न देता. झटका दिला की आकडा फुगतो. सांध्यावर आणि उतारावर पुन्हा मोजा. नुसता हूक नेलात तर ओढणंच मोजता येईल, ढकलण्याची चकतीही घ्या. एकक तपासा: 20 किलोग्रॅम-फोर्स म्हणजे साधारण 196 न्यूटन, आणि घाईत एकाच्या जागी दुसरं लिहिलं की रिपोर्ट दहापट चुकतो. रेबा (शरीराच्या ठेवणीला गुण देऊन धोका ठरवायची पद्धत) करणार म्हणून काटा लागत नाही, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. त्यातही जोराच्या रकान्यात 5 आणि 10 किलोच्या सीमा आहेत. तिथे काय अंदाज लिहिणार?

पोचल्यावर पहिली पंधरा मिनिटं काही मोजू नका, नुसतं बघा. आपण समोर उभे असलो की माणसं गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून, पुस्तकातल्यासारखी उचलतात. थोड्या वेळाने कंटाळून मूळपदावर येतात, तेव्हा कॅमेरा सुरू करा. एक उंच आणि एक बुटका, दोघांनाही बघा. “सगळ्यात नको वाटणारं काम कोणतं?” हा प्रश्न सुपरवायझर लांब गेल्यावर विचारा. किती वेळा, हे मोघम शब्दात नको, पाळीच्या हिश्शात मोजा: पाळीच्या एक तृतीयांशापर्यंत कधीमधी, दोन तृतीयांशापर्यंत वारंवार, त्यापुढे सतत.

रेबाचे आणि रुलाचे (तशीच पद्धत, मुख्यतः हात-मानेसाठी) गुण घरी, व्हिडिओ थांबवून, सगळ्यात वाईट क्षणावर द्या. रिपोर्ट त्याच रात्री लिहा. सूचना तीन पुरेत, बिनखर्चाची आधी. महिन्याने फोन.

आणि काटा चार्जिंगला लावलात तर गाडीची किल्ली त्याच्यावर ठेवा.