ऑफर लेटर आल्यावर नोकरी स्वीकारायची की नाही, हे कसे ठरवावे

पुण्याच्या कंपनीचे ऑफर लेटर कोल्हापूरच्या घरात येऊन पोहोचले की पहिला प्रश्न पॅकेज किती हाच असतो, आणि आकडा ऐकताच कोणीतरी पेढे आणायला बाहेर पडते. उद्यमनगरातल्या एका मशीनशॉपपासून सुरुवात करून मी आजवर चार नोकऱ्या बदलल्या आहेत, आणि आता भाचे, पुतणे, शेजारची मुले आपापली पत्रे घेऊन माझ्याकडे येऊन बसतात. त्या साऱ्यांना मी पॅकेजचा आकडा बाजूला ठेवायला सांगतो आणि दरमहा बँकेत किती जमा होणार व त्यातून महिनाअखेरीस किती उरणार, एवढेच काढायला लावतो.

तोंडी ऑफरवर काहीही ठरवू नये. पत्र ई-मेलवर मागून घ्यावे आणि उत्तरासाठी चार दिवसांची मुदत मागावी. कंपनीची नोंदणी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर, तर ती कर्मचाऱ्यांचा पीएफ (भविष्यनिर्वाह निधी) भरते का हे ईपीएफओ या पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर, दहा मिनिटांत पाहून होते.

त्यानंतरची पायरी मात्र घाईने उरकण्याची नाही, कारण मी स्वतः तिथेच फसलो होतो. माझी दुसरी नोकरी चाकणच्या एका कारखान्यात होती. पत्रातल्या वार्षिक आकड्याला बाराने भागून मी घरी पगार सांगितला आणि त्या भरवशावर वडिलांनी घराच्या कर्जाचा हप्ता वाढवून घेतला. पहिल्या पगारानंतर पासबुकात नोंद करून घेतली, तेव्हा घरी सांगितलेल्या आकड्यापेक्षा तेरा हजार रुपये कमी जमा झालेले होते. ते पासबुक हातात धरून मी बँकेच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिलो आणि वडिलांना फोन करायला दुसरा दिवस उजाडला. कंपनीने काहीही लपवलेले नव्हते. पत्राच्या शेवटच्या पानावरचा तक्ता मी वाचलाच नव्हता.

तो तक्ता कसा सोडवायचा, हे एका उदाहरणाने सांगतो. समजा, सीटीसी, म्हणजे कंपनी तुमच्यावर करणारा एकूण खर्च, वर्षाला 7,20,000 रुपये आहे, म्हणजे ऐकायला महिना साठ हजार. त्यात मूळ वेतन महिना 30,000 असेल आणि पीएफ पूर्ण मूळ वेतनावर कापला जात असेल, तर कंपनीच्या वाट्याचा 12 टक्के पीएफ वर्षाला 43,200 होतो. ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सोडताना एकरकमी मिळणाऱ्या रकमेची, तरतूद साधारणतः मूळ वेतनाच्या 4.81 टक्के धरतात. ती झाली 17,316. गट आरोग्यविम्याचा हप्ता 12,000 आणि व्हेरिएबल पे, म्हणजे कामगिरीनुसार मिळणारी रक्कम, 72,000 धरा. ही सारी बेरीज 1,44,516 रुपये होते आणि ती दरमहाच्या पगारात येत नाही. राहिलेल्या 5,75,484 रुपयांना बाराने भागले की 47,957 येतात. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ 3,600 आणि व्यवसाय कर 200 रुपये (फेब्रुवारीत 300) वजा केला की हातात 44,157 रुपये पडतात. नव्या करप्रणालीत या उत्पन्नावर सध्या आयकर लागत नाही, म्हणून तो धरलेला नाही.

या तक्त्यातला प्रत्येक आकडा सारख्या विश्वासाचा नसतो. पीएफ तुमचाच पैसा आहे, पण तो बचत म्हणून मोजावा, घरखर्चात धरू नये. ग्रॅच्युइटी कायम नोकरीत साधारणपणे सलग पाच वर्षे झाल्यावर मिळते. तितके दिवस थांबण्याचा विचार नसेल तर तो आकडा पेन्सिलीने खोडून टाकावा. व्हेरिएबल पे तर मी नेहमी शून्य धरतो. माझ्या पत्रात ‘पंधरा टक्क्यांपर्यंत, कंपनीच्या कामगिरीनुसार’ असे लिहिले होते. त्यातल्या ‘पर्यंत’ या शब्दाकडे मी लक्ष दिले नाही आणि पहिल्या वर्षी मला एक रुपयाही मिळाला नाही. ती रक्कम मिळाली तर आनंदच आहे, पण तिच्यावर हप्ता बांधू नये.

‘आधी हो म्हण, तपशील नंतर विचार’ हा सल्ला मी अनेक शहाण्या माणसांच्या तोंडून ऐकला आहे आणि तो पूर्णपणे चुकीचा आहे. होकार दिल्यानंतर तुमच्या प्रश्नाला वजन राहत नाही. होकाराआधी एचआरला साध्या भाषेत तीन गोष्टी लिहून विचाराव्यात: दरमहा खात्यात जमा होणारी रक्कम किती, गेल्या दोन वर्षांत या पदाला व्हेरिएबल पे प्रत्यक्षात किती टक्के मिळाला, आणि तो देण्याच्या तारखेआधी राजीनामा दिल्यास काय होते. असे विचारल्यामुळे ऑफर गेल्याचे मी एकदाही पाहिलेले नाही. उत्तर टाळले गेले, तर तेही एक उत्तरच समजावे.

गेल्या दिवाळीत भाचा असेच पत्र घेऊन आला आणि म्हणाला, “मामा, साठ हजार पडतील ना?” दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आम्ही दोन रकाने आखले. एका बाजूला गोकुळ शिरगावच्या नोकरीचे हातात येणारे 34,000, घरचे जेवण आणि दुचाकीचे पेट्रोल. दुसऱ्या बाजूला पुण्याचे 44,157, खोलीचे भाडे, मेस, रोजचा प्रवास आणि महिन्यातून दोनदा घरी येणे-जाणे, एका बाजूचे सुमारे 230 किलोमीटर. पुण्याचे आकडे त्याने तिथे राहणाऱ्या मित्राला फोन करून एकेक विचारून घेतले. महिनाअखेरीस कोल्हापुरात जास्त उरत होते. तरीही तो गेला, कारण तिथे त्याला शिकायचे होते ते डिझाइनचे काम इथल्या कारखान्यात नव्हते. मला तो निर्णय योग्य वाटतो, कारण बचत किती घटणार हे जाणून त्याने तो घेतला आणि घरीही खरा आकडा सांगितला.

ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या बाँडची अट असेल, तर ‘कोर्टात टिकत नाही’ असे सांगणाऱ्यावर विसंबू नये. मुदतीआधी नोकरी सोडल्यास 2 लाख रुपये भरण्याची एका सरकारी बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये वैध ठरवली आहे. रक्कम आणि मुदत वाचावी, आणि मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही ताब्यात देऊ नयेत.

जुन्या ठिकाणचा नोटीस पिरियड (राजीनाम्यानंतर काम करण्याची मुदत) आणि नव्या ठिकाणी रुजू होण्याची तारीख जुळते का, हे पाहावे. दुरुस्त केलेल्या अटींसह सहीचे पत्र हाती आल्याशिवाय जुन्या ठिकाणी राजीनामा देऊ नये.

नकार द्यायचा असेल, तर मुदतीच्या आत दोन ओळींचा ई-मेल पाठवून आभार मानावेत. फोन न उचलता गप्प बसणारी मुले मी पाहिली आहेत. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसीत माणसे फिरून तीच भेटतात, आणि आज ज्यांना उत्तर दिले नाही तेच चार वर्षांनी मुलाखत घ्यायला समोर बसलेले असतात.