बिनपैशाची भुताची फिल्म: आधी माणसं, मग कॅमेरा

हौशी माणसांना घेऊन भुताची विनोदी फिल्म करायची असेल, तर पटकथेआधी माणसांचं वेळापत्रक लिहा. आम्ही सिंधुदुर्गात केली. कलाकारांत शेतकरी, कॉलेजची मुलं आणि दशावतार नाटकांतले दोन नट, म्हणजे दशावतारी, होते. तुळशीचं लग्न झालं की जत्रा लागतात, मग दशावतारी रात्री मोकळे नसतात. पाऊस लागला की घराघरांत भाताची लावणी. म्हणून लावणी उरकल्यावरचे, पण गणपतीची गडबड सुरू होण्याआधीचे दिवस धरले. एका माणसाचे सगळे प्रसंग लागोपाठ घ्यायचे; कथेचा क्रम नंतर एडिटिंगमध्ये लावता येतो. मानधन देत नसाल तर गरम जेवण, घरी सोडायची सोय आणि ठरल्या वेळेला पॅकअप, यात तडजोड नको. लोक दुसऱ्या रात्री परत येतात ते यामुळेच.

भूत निवडताना गावातल्या जाणत्यांना विचारा. देवचार, राखणदार, म्हणजे गावाचं रक्षण करतात असं मानलं जातं ते, हा कोकणात श्रद्धेचा विषय आहे, त्यावर विनोद करू नये असं मला मनापासून वाटतं. आम्ही गणपतीला मुंबईहून आलेल्या चाकरमान्याचं भूत घेतलं: त्याला कोणी घाबरत नाही, उलट मखर बांधायला लावतात.

दशावतारात संवाद बहुतेक ऐनवेळी रचले जातात. अशा नटाला पाठांतर देऊ नका, प्रसंग सांगा आणि दोन मोबाईलवर एकदम शूट करा, कारण तेच वाक्य तो पुन्हा तसंच म्हणणार नाही. घाबरणाऱ्याने मात्र खरंच घाबरायला हवं. त्याला हसू येत असेल तर प्रेक्षकाला येत नाही.

मोबाईल काळोखात दाणेदार चित्र देतो, म्हणून बाहेरची रात्र सूर्यास्तानंतरच्या थोड्या मिनिटांत उरकावी. घरात दिवे लुकलुकताना दिसले तर शटरचा वेग १/५० सेकंद ठेवा; आपली वीज ५० हर्ट्झची आहे.

सगळ्यात जास्त मेहनत आवाजावर घ्या. अंधुक चित्र भुताच्या फिल्मला शोभतं, पण न कळलेला संवाद विनोद मारतो. कौलांवर पाऊस असताना संवाद मिळत नाहीत. म्हणून भिंतींना गोधड्या लावलेल्या खोलीत त्याच रात्री डबिंग करायचं, म्हणजे नटाच्या तोंडात लय ताजी असते. प्रत्येक जागेची अर्धा मिनिट नुसती शांतताही रेकॉर्ड करा, जोडकामाला ती लागतेच. हाड मोडल्याचा आवाज काकडी मोडून छान मिळतो.

रक्ताला साखरेचा घट्ट पाक, खायचा लाल रंग आणि चिमूटभर कोको. डाग जात नाहीत, तेव्हा मागून आणलेल्या साड्या लांब ठेवा.

संगीत गावातल्याच पखवाज, झांज, पेटीवाल्यांकडून नवं वाजवून घ्या, म्हणजे हक्कांचा प्रश्न येत नाही. कलाकार, वादक आणि घरमालक यांची लेखी संमती शूटिंगच्या दिवशीच सही करून घ्या. महोत्सवाला पाठवताना हे कागद मागितले जाऊ शकतात, आणि तोवर निम्मी मुलं नोकरीला पुण्या-मुंबईला गेलेली असतात.