‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’ शिकवताय? या चुका टाळा

जेम्स फेनिमोर कूपरची ही १८२६ची कादंबरी वर्गात पहिल्या प्रकरणातच अडते. लांबलचक वाक्यं, जंगलाची वर्णनं, इंग्रज-फ्रेंच युद्धाचा तपशील. दोन पानांत मुलं हात टेकतात आणि शिक्षक सारांश सांगून मोकळे होतात. तसं करू नका. फळ्यावर साधा नकाशा काढा: हडसन नदीकाठचा फोर्ट एडवर्ड, उत्तरेला लेक जॉर्जच्या टोकाशी फोर्ट विल्यम हेन्री, साल १७५७. कोण कुठून कुठे निघालंय हे कळलं की थेट अकराव्या प्रकरणावर या.

तिथे मॅग्वा हा ह्युरॉन जमातीचा योद्धा कोराला, इंग्रज कर्नलच्या मुलीला, आपली कहाणी सांगतो. गोऱ्यांनी दारू आणली, त्याला प्यायला शिकवलं. त्या पायी तो आपल्या माणसांतून हाकलला गेला. पुढे इंग्रजांच्या छावणीत तो पिऊन आला, तर कोराच्या वडिलांनी, कर्नल मन्रोंनी, त्याला सगळ्यांसमोर बांधून फटके मारले. दारू दिली कुणी, असं तो विचारतो. हा उतारा मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. ज्याला खलनायक ठरवलंय, त्याच्या तोंडी कूपर इतकं खरं का घालतो, यावर अख्खा तास खुशाल जाऊ द्या.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘मोहिकनांतला शेवटचा’ या शीर्षकावर विश्वास ठेवणं. मोहिकन ही मूलनिवासी जमात, आणि ते लोक संपलेले नाहीत. हडसनच्या खोऱ्यातून रेटत रेटत त्यांना पश्चिमेला नेलं गेलं. त्यांचाच स्टॉकब्रिज-मन्सी समाज आज विस्कॉन्सिनमध्ये नांदतो आहे. कादंबरीतल्या त्या तरुण ‘शेवटच्या’ मोहिकनाचं ‘अंकस’ हे नाव तर सतराव्या शतकातल्या कनेटिकटच्या मोहेगन प्रमुखाचं, आणि मोहेगन ही वेगळी जमात. कादंबरीनंतर चारच वर्षांनी, १८३०मध्ये, मूलनिवासींना मिसिसिपीपलीकडे हलवण्याचा कायदा झाला. हे लोक आपोआप लयाला चाललेत, ही समजूत तेव्हा कुणाच्या सोयीची होती, हे मुलांना शोधू द्या. हे न सांगता पुस्तक शिकवणं मला अन्यायाचं वाटतं.

‘लेखक वंशवादी’ एवढा शेरा मारून विषय मिटवणंही चुकीचंच. कोराच्या आईकडच्या वंशात वेस्ट इंडिजमधले गुलाम होते, हे सोळाव्या प्रकरणात कळतं. मग कूपर शेवटी कोरा आणि अंकस दोघांनाही मारतो आणि कोराच्या गोऱ्या सावत्र बहिणीचा, ॲलिसचा, संसार थाटून देतो, तो का?

आणि १९९२चा सिनेमा आधी दाखवू नका. त्यात ॲलिस मरते, कोरा जगते. उत्तरपत्रिकेत मग हाच शेवट उतरतो.