धैर्याने आणि चिकाटीने प्रार्थना कशी करावी

प्रार्थनेला बसण्यापूर्वी आपले मागणे एका वाक्यात वहीत लिहून काढावे. ‘सर्वांचे भले कर’ असे मोघम न म्हणता ‘प्रभू, माझ्या भावाची दारू सुटू दे’ असे नेमके मागावे. देव पिता आहे, त्याच्यापाशी भीड धरण्याचे कारण नाही. बायबलमधील लूककृत शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायातील विधवा अन्यायी न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जाते आणि अखेर तो तिला न्याय देतो. मात्र देव त्या न्यायाधीशासारखा आहे असा याचा अर्थ नव्हे, उलट तो आपल्या लोकांचा न्याय विलंब न लावता करील, असे येशू तेथे सांगतो.

वेळ ठरलेली असावी. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये नोव्हेनासाठी, म्हणजे नऊ वेळा करायच्या प्रार्थनेसाठी, भाविक सलग नऊ बुधवार येतात, तशी बांधिलकी घरीही पाळता येते. विरारहून चर्चगेटला जाणाऱ्याने लोकलच्या गर्दीत उभ्या उभ्या तेच वाक्य मनात म्हटले तरी चालेल. मन कोरडे पडले तर बायबलमधील 13वे स्तोत्र मोठ्याने वाचावे, कारण त्यात ‘कोठवर?’ हा प्रश्न थेट देवालाच विचारलेला आहे. गेथशेमाने बागेत येशूनेही एकच मागणे तीनदा केले आणि ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ असे म्हणून ते पित्याच्या इच्छेवर सोपवले. आपणही मागणे न सोडता त्याच शब्दांनी प्रार्थना संपवावी.