शाब्दिक उदाहरणं : आधी पेन्सिल खाली ठेवा

साताऱ्यात माझ्याकडे चौथी-पाचवीची मुलं शिकवणीला येतात. शाब्दिक उदाहरण समोर आलं की पहिला प्रश्न ठरलेला : "काकू, ह्यात बेरीज करायची की वजाबाकी?" ह्याचं उत्तर मी देत नाही. घरी अभ्यास घेताना तुम्हीही देऊ नका. ते सांगून टाकलं की उरते नुसती आकडेमोड, आणि ती मुलांना येतेच.

पेन्सिल खाली ठेवायला लावा. उदाहरण मोठ्याने वाचून झालं की पुस्तक मिटा आणि म्हणा, "काय झालं ते सांग, आकडे नकोत." "राधाकडे पेन्सिली आहेत, मीनाकडे पण आहेत, राधाकडे जास्त आहेत, मीनाच्या विचारल्यात." एवढं आलं की निम्मं काम झालं. नाही आलं, तर मूल गणितात नाही, वाचनात अडलंय. तिथे पाढे घोकून घेऊन काही हाती लागत नाही.

आता आकड्यांसकट. राधाकडे 24 पेन्सिली आहेत. त्या मीनाच्या पेन्सिलींपेक्षा 6 ने जास्त आहेत. तर मीनाकडे किती? बरीच मुलं 30 लिहून मोकळी होतात, कारण "जास्त म्हणजे बेरीज" असं कुणीतरी पढवलेलं असतं. ही युक्ती सोप्या उदाहरणांत चालते आणि शिष्यवृत्तीच्या पेपरात तोंडावर पाडते. रागावू नका. एकाखाली एक दोन पट्ट्या काढायला सांगा. लांब पट्टी कुणाची? राधाची. तिच्यावर 24 लिहायचे. मीनाची पट्टी जिथे संपते, तिथून राधाचा पुढे आलेला तुकडा 6. मग 18 आपसूक येतं.

वयाच्या उदाहरणांनाही हीच पट्टी. आई 30 वर्षांची, मुलगी 6 वर्षांची. किती वर्षांनी आईचं वय मुलीच्या वयाच्या तिप्पट होईल? इथे बाबालोक लगेच 'क्ष' मानून बसतात. पोरांना क्ष अजून शिकवलेलाच नसतो! त्याऐवजी विचारा, दोघींच्या वयातला फरक कधी बदलेल का? नाही, 24 च राहणार. तिप्पट म्हणजे मुलीची एक पट्टी, आईच्या तशाच तीन. आईच्या जादा दोन पट्ट्या मिळून 24, म्हणून एक पट्टी 12 ची. मुलगी 12 वर्षांची होईल 6 वर्षांनी. तेव्हा आई 36. जुळलं.

भागाकारात बाकी उरली की वेगळीच गंमत. सहलीला 130 मुलं, एका बसमध्ये 40 बसतात, बस किती? वहीत उत्तर असतं "3, बाकी 10". त्या दहा जणांना शाळेतच सोडून जायचं का, एवढंच विचारा. 4 बस लिहून होतात. पण 50 रुपयांत 8 रुपयांची पेनं किती, तर 6 च. उरलेल्या 2 रुपयांत सातवं पेन कुणी देत नाही.

खांबांच्या उदाहरणाला हाताची बोटं पुरतात : बोटं पाच, मधल्या फटी चार. 100 मीटर रस्त्याच्या एका कडेला, दोन्ही टोकांसकट, दर 10 मीटरवर झाड लावलं तर झाडं 11. लाकडाचे 5 तुकडे करायला मात्र 4 च काप.

सेमी इंग्रजीची मुलं पावणेतीन किलो आणि सव्वा तास इथेही ठेचकाळतात. किलोचे ग्रॅम, तासाची मिनिटं करून बाजूला लिहून घ्या : 2750 ग्रॅम, 75 मिनिटं. मगच पुढे.

आणि रात्री नऊ वाजून गेले, मूल पेंगायला लागलं, तर स्वतः सोडवून वहीत उतरवून देऊ नका. पट्टी काढलेली असेल तेवढी राहू द्या, खाली "इथपर्यंत आलं" असं लिहून पाठवा. गाडी कुठे अडली ते वर्गात बाईंना कळायला हवं. तुमच्या अक्षरातल्या बरोबर उत्तरावरून ते कळत नाही.